हिरवळीवरचे पिवळे चौकोन

“नोटीस लागली! सोमवारपासून दामाजीकाका बंद!” भावेश तीन मजले धावत चढून आला होता.

हेमालीच्या हातातली रॅकेट खालीच पडली. “बंद म्हणजे?”

“काढून टाकलं! आता पेट्रोलचं मशीन घेऊन कंत्राटदार येणार. हिरवळ पिवळी पडली ना, ती म्हणे काकांच्या आळशीपणामुळे!”

आळशी? दामाजीकाका? हेमालीच्या डोक्यात तिडीक गेली! मानपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीत उजाडायच्या आत पाणी घालून मोकळा होणारा हा म्हातारा माळी. ऊन चढल्यावर पाणी घातलं तर निम्मं उडूनच जातं, असं त्याचं म्हणणं. हाताने ढकलायच्या साध्या यंत्राने तो गवताचे नुसते शेंडे उडवायचा आणि कातरण तिथंच पसरून द्यायचा. “त्याचं जेवन त्यालाच, पोरी,” म्हणायचा. ना धूर, ना खडखडाट, ना खताच्या गोण्या! गेल्या वर्षी हेमालीचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा रोज संध्याकाळी खुर्चीसकट तिला हिरवळीवर आणून बसवणारे काकाच. ते उपकार ती कशी विसरेल?

सेक्रेटरी गुरुदत्तकाकांचं मात्र एकच पालुपद होतं, कातरण कुजतं म्हणून गवत मरतं!

“आधी बघूया तरी,” सोनल म्हणाली. तिघांतली डोकेबाज तीच.

तिघंही हिरवळीवर ओणवे झाले.

“कातरण तर सगळीकडे आहे. मग पिवळं इथंच का?” सोनल पुटपुटली. “आणि कडा बघा! पट्टीने आखल्यासारख्या सरळ. चौकोन आहेत हे!”

“गवत काय भूमितीच्या तासाला बसतं?” भावेश खिदळला.

“गप रे! हे बघ काय सापडलं!” हेमालीने कुरडईचा एक तुकडा उचलला. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मे महिन्याच्या सुट्टीत भर दुपारी बाहेर पडायला तिघांनाही सक्त मनाई होती. त्या दिवशी मात्र घरचे वामकुक्षीला लवंडताच तिघं जिन्यामागे दबा धरून बसले. पाहतात तर काय! हिरवळीवर प्लास्टिकचे मोठे कागद अंथरलेले, कोपऱ्यांवर विटा, आणि वर कुरडया, पापड, सांडगे! सुहासिनीकाकू आणि त्यांच्या शेजारणी वाळवण हलवत होत्या.

“गच्चीला कुलूप आहे, नाहीतर इथवर पायपीट कोण करतंय!” काकू कुरकुरत होत्या.

बायका घरात गेल्यावर हेमालीने कागदाखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. “आई गं! तवा आहे नुसता! गवत शिजतंय खाली!”

“आणि गच्चीला कुलूप कोणी लावलं?” सोनलने डोळे मिचकावले. “गुरुदत्तकाकांनी! सुहासिनीकाकूंच्याच यजमानांनी!”

रविवारी दुपारी मुलांनी गुरुदत्तकाकांना गाठलंच. “काका, गवत का मरतं ते दाखवतो. फक्त चप्पल काढा.”

“हा काय पोरखेळ?” म्हणत काकांनी चप्पल काढली. भावेशने कागदाचं टोक उचललं. काकांनी खाली पाऊल ठेवलं मात्र, “ओय ओय ओय!” करत ते उडालेच! दुसरा पाय थेट वाळवणात!

“अहो, पाय काढा! आपलेच सांडगे आहेत ते!” सुहासिनीकाकू खिडकीतून ओरडल्या.

हसण्याचा एकच गदारोळ उठला! काका आधी लालबुंद झाले. मग वाकून त्यांनी त्या पिवळ्या चौकोनाची सरळ कड बोटाने चाचपली. माणूस तापट, पण मनाचा सरळ. त्यांनी स्वतःच्या हाताने नोटीस फाडली आणि गच्चीची किल्ली बायकोकडे दिली.

“शाबास रे पोरांनो! माझ्या हातून एका कष्टाळू माणसावर अन्याय होणार होता. तुम्ही वाचवलंत मला,” ते म्हणाले. मग दामाजीकाकांपुढे त्यांनी हात जोडले. “चुकलो मी, दामाजी. ही हिरवळ तुमच्याच पद्धतीने राहील.”

दामाजीकाका हिशोब चुकता करून निरोप घ्यायलाच आले होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी डोळे पुसले.

“तीस वर्सं मी गवत राखतोय,” ते म्हणाले. “मला राखनारी पोरं आज भेटली. देव तुमचं भलं करो रे!”

“काका, उगाच रडवू नका हो,” असं म्हणताम्हणता हेमालीच रडायला लागली.