तीन थेंब

मच्छिंद्र नाकाला कपड्यांचा चिमटा लावूनच मेला.

१९९६ साल. जालन्यात, भोकरदन नाक्याजवळची खाजगी प्रयोगशाळा. दारूनं अर्धशिशी उठते का, हे तिथं तपासत होते. लिंबूसरबताच्या सारख्या बाटल्या. काहींत दारू, काहींत नुसतं पाणी. वास कळू नये म्हणून चिमटा. त्या दिवशी कीटकनाशकाचाही कळला नाही.

बाटली दिली नर्स उषाबाईंनी. संध्याकाळी पोलीस त्यांनाच उचलणार होते.

"ताई, मी नुसती हातात दिली हो!" त्या गुप्तहेर बेबीनंदाला म्हणाल्या.

"प्यायच्या आधी त्यानं काय केलं?"

"चिमटा लावला, टोपण काढलं, बोट बुडवून तीन थेंब खाली उडवले. मंग पिला."

"दारू पिणारे उडवतातच," तिचे मदतनीस तातेराव अनुभवानं म्हणाले.

"दर वेळी उडवायचा?" बेबीनंदानं उषाबाईंना विचारलं.

"न्हाई. डोकं दुखायचं त्याच दिवशी."

बाटल्या भरणारा वसंता रडकुंडीला आला होता. "मी निस्त्या भरतो, बाई. नंबर डॉक्टरसायब टाकतात, दार लावून. मंग कोणत्या बाटलीत काय, मलाबी कळत न्हाई. बाटल्यांच्या कपाटाची किल्ली त्यायच्यापाशीच."

मच्छिंद्रची बायको गोजरबाई केदारखेड्याहून आली होती. "त्याचं डोकं जल्मात दुखलं न्हाई. आमचंच दुखवायचा," ती म्हणाली.

डॉक्टर धर्मराज हळहळले. "हिरा होता! बारा वेळा दारू, बाराही वेळा अर्धशिशी. पाण्यानं एकदाही नाही. प्रयोग तपासायला परवा येणारे मुंबईचे तपासनीस त्याचीच मुलाखत घेणार होते."

संध्याकाळी फौजदार आले. बेबीनंदानं सगळ्यांना बसवून घेतलं.

"नाकाला चिमटा, आणि अजून घोटही घेतलेला नाही. मग दारू आहे हे मच्छिंद्रला कळलं कसं? पाण्याचे थेंब कोणी उडवत नाही. त्याला आधीच कोणीतरी सांगत होतं. आणि कोणत्या बाटलीत दारू, ते ठाऊक होतं एकट्या डॉक्टरांना."

"पण सांगून काय फायदा?" तातेरावांनी विचारलं.

"डोकं कधी धरायचं ते कळावं म्हणून. याला फुकट दारू, त्यांना बाराला बारा. खरी डोकी इतकी आज्ञाधारक नसतात, तातेराव. परवा तपासनिसांपुढं हा बोलून गेला असता. म्हणून कुलपातल्या बाटलीत विष पडलं. किल्ली एकच."

फौजदारांनी उषाबाईंना घरी जायला सांगितलं. त्या पदर सावरत उठल्या.

डॉक्टरांनी मात्र दोन्ही हातांनी कपाळाची उजवी बाजू गच्च धरली.

बेबीनंदानं टेबलावरची प्रयोगाची वही ओढली आणि शेवटची नोंद केली : दारू नाही. डोकं दुखतंय.