सुनेच्या अंगावरचं हिरवं लुगडं

पटो न पटो, घडलं ते असं. मनकर्णाबाई माझ्या आईची आत्या. तिनं हे देवासमोर बसून सांगितलं.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला आठ-नऊ वर्षं झाली होती. वैशाखातली भर दुपार. गंगापूर तालुक्यातला गोदाकाठ.

मनकर्णाबाईचा नवरा कारभारी घाटावर नाव चालवायचा. माणूस भारी हिशेबी. बायका गंगामाईची ओटी भरून वळल्या, की हा खालच्या वळणावर हजर. नारळ, खण... सगळं परत वर!

त्या दिवशी हिरवंगार, जरीकाठी लुगडं हाती लागलं.

“सोमवारी द्वारकाचं ओटीभरण. लुगड्याचं काम फुकटात झालं बघ.”

सून द्वारकाबाईला सातवा लागला होता. पहिलंच बाळ.

“अवं, ते गंगामाईचं हाय. द्या सोडून.”

“तिला कोणत्या लग्नाला जायचंय? वाळत घाल गप.”

मनकर्णाबाईनं अंगणातल्या दोरीवर घातलं.

दगड तापून चटके देत होते. घरातली गोधडी घटकेत वाळली.

लुगडं मात्र... टप. टप.

दुसऱ्या दिवशीही टप... टप.

तिनं खाली हात लावून पाहिला.

जमीन कोरडी ठणठणीत.

सोमवारी तेच दमट लुगडं नेसून द्वारका पाटावर बसली. बायका गाणी म्हणत होत्या. ओटीत गहू पडले, नारळ पडला...

आणि गाणं मधेच थांबलं.

सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेली सून, डोईवरचा पदर पाडून त्याच्याकडं बघत होती.

“कारभारी... माझी ओटी कुणी उचलली रं?”

सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलं!

आवाजही तिचा नव्हता.

बायकांनी घाईघाईनं लुगडं बदललं. कारभारी ते घेऊन नदीकडं पळाला, मागं मनकर्णाबाई. त्यानं लुगडं धारेत सोडलं.

ते गेलं...

थांबलं...

आणि उलट्या धारेनं त्याच्या पायाशी आलं.

“माय, चुकलो!” त्यानं पुन्हा सोडलं. पुन्हा आलं.

तिसऱ्यांदा मात्र बुडालं. कारभारीनं सुटकेचा निःश्वास टाकला. “घेतलं बाई तिनं. फिटलं.”

दोघं घरी आले. द्वारका उंबऱ्यावर बसली होती, पोटावर हात ठेवून. आता आवाज तिचाच होता.

“आत्याबाई... मघापासून पोटात काहीच हलंना.”

मनकर्णाबाईनं अंगणात पाहिलं. दोरी रिकामी होती.

तरी... टप. टप.

त्या घरात दोरी पुन्हा बांधली नाही. दोरी तर माझ्याही घरी नाही. तरी हे लिहिताना मी दोनदा उठून अंगणात बघून आलोय.