पाखरं उडाली नाहीत

आधीच सांगते, हे ऐकीव नाही. माझ्यासमोर घडलंय. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, शवागाराच्या किल्ल्या कित्येकदा माझ्याच कमरेला असतात. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना मी आजवर उडवूनच लावलंय. तुम्ही मला उडवून लावलंत तरी राग येणार नाही.

मागच्या हिवाळ्यातली सकाळ. शहराबाहेरच्या पाणथळीत लांबून येणारे पक्षी उतरले होते. बदकं, करकोचे, शेकाटे. माझा धाकटा भाऊ त्यांच्यापायी वेडा. त्याच्या लांब तंगड्यांमुळे घरात सगळे त्याला बगळ्याच म्हणतात.

हा नाद त्याला मास्तरांनी लावला. शाळेतून निवृत्त झालेला एकटा माणूस. दर हिवाळ्यात दोघं तिथे जाऊन बसायचे. आदल्या मोसमात मास्तर एका पक्ष्याच्या मागे चिखलात उतरले आणि रुतत गेले. बगळ्या मदत घेऊन आला तोवर पाण्यावर नुसती टोपी होती.

तेव्हापासून पोरगा खंगत चालला होता. धड जेवण नाही, झोप नाही. मोसम सुरू झाला तसा एकच धोशा लावला त्याने.

"मला जायचंय. मास्तर वाट बघतायत."

आईने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "तू जा बाई त्याच्याबरोबर. आणि त्याला परत घेऊन ये. एवढंच कर माझ्यासाठी."

"आणते गं. कान धरून आणते," मी म्हटलं.

पाण्याच्या काठाला पक्षी बघायला एक लाकडी खोली आहे. समोर डोळ्यांच्या उंचीला आडवी फट, आत एकामागे एक अशी दोन बाकं. तिथे तोंड उघडायचं नाही, हा मास्तरांचा नियम. मागच्याने पुढच्याच्या खांद्यावर बोट मारायचं. एकदा मारलं तर डावीकडे बघ. दोनदा मारलं तर उजवीकडे. आणि अख्खा पंजा ठेवला तर... हलू नकोस, पक्षी अगदी जवळ आहे.

वाटेत बगळ्याने माझ्याकडून हे घोकून घेतलं. "आणि ताई, जरा हळू चाल. माणूस दिसला की अख्खा थवा उठतो. माणूस पाण्यात उतरला आणि पाखरं उडाली नाहीत, असं होतच नाही."

"बरं बाबा. तुझ्या पाखरांना माझा नमस्कार सांग."

तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मी पुढच्या बाकावर बसले, तो मागच्यावर. बाहेर दाट धुकं. पाण्यावर बदकांची आपापसातली बडबड चालली होती.

खांद्यावर एकदा बोट... डावीकडे करकोचा.

दोनदा... उजवीकडे शेकाटे.

मग बराच वेळ काहीच नाही. मागचं बाक करकरलं. पाय अवघडले असतील, असं मला वाटलं.

आणि मग... खांद्यावर पंजा आला.

मी श्वास रोखला. पण समोर जवळपास एकही पक्षी नव्हता.

धुक्यात कोणीतरी दिसलं. पाठमोरं. गुडघाभर पाण्यातून सावकाश आत चाललेलं. पाणथळीचा राखणदार असणार. म्हटलं, काय माणूस आहे, आता सगळी पाखरं उडवून लावणार हा.

पाखरं उडाली नाहीत.

तो थेट बदकांच्या मधून गेला. एकाही बदकाने मान वळवली नाही. फक्त त्यांची ती बडबड... थांबली होती.

मी मागे वळून सांगणार, तेवढ्यात पंजा आणखी दाबला गेला. वॉर्डात मी डॉक्टरांचंही चटकन ऐकत नाही. पण तिथे गप्प बसून राहिले. नियम होता ना. स्वेटरमधून गार ओल खांद्यापर्यंत झिरपत होती.

धुकं जरा हटलं. पाण्यातल्या माणसाच्या गळ्यात लाल मफलर होता. आईने विणलेला.

बगळ्याचा.

मग माझ्या खांद्यावर हात... कोणाचा होता?

मी उठायला गेले. उठता येईना. तो हात मला दाबून बसवत होता. सगळा जोर लावून मी खांदा हिसडला आणि वळले.

मागे कोणी नव्हतं. बाक ओलंचिंब होतं आणि त्यावरून चिखलाचं पाणी खाली ठिबकत होतं.

मी बाहेर धावले तेव्हा पाण्यावर नुसता मफलर उरला होता. माझ्या ओरडण्याने राखणदार होडी घेऊन आला. बांबूने चाचपत त्याने बगळ्याला वर काढलं.

"ताई, फार वेळ झालाय हो," तो म्हणाला.

मी ऐकलं नाही. छाती दाबत राहिले. नाडी नव्हती. नव्हतीच, मला कळतं ते. माझे हात भरून आले, आणि मग त्याने डोळे उघडले. खोकला नाही, ठसका नाही. नुसते उघडले.

डॉक्टर म्हणाले, नशीब बलवत्तर. आईने मला पोटाशी धरलं. "आणलंस गं माझ्या लेकराला."

आता तो वेळेवर जेवतो, झोपतो. पाणथळीचं नावसुद्धा काढत नाही. आईच्या जिवात जीव आलाय. सगळं छान चाललंय, असं मीही चारचौघांत सांगते.

फक्त... परवाची गोष्ट. आमच्या गॅलरीत आई कबुतरांना दाणे टाकते. ती बाहेर पाऊल टाकते तेव्हा सगळी भर्रकन उडतात, ती आत आली की परत येतात. रोजचंच आहे. परवा बगळ्या बाहेर गेला आणि त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

एकही उडालं नाही. त्याच्या पावलांना घासून दाणे टिपत राहिली.

"बघ," आई कौतुकाने म्हणाली, "पाखरांनासुद्धा कसा लळा आहे त्याचा."

मी तिला काय सांगणार? त्याला परत आणायचं कबूल केलं होतं मी. कोणाला आणलंय, ते मला माहीत नाही.

तो वळला आणि माझ्याकडे बघून हसला.

हल्ली मी घरात भिंतीला पाठ टेकवूनच बसते.