शिवबाईचं विरजण

माझी बायको शिवबाई वारल्याचा निरोप वळसंगहून आला, तेव्हा मी दहीभात कालवत होतो. माहेरी निघताना ती एवढंच म्हणाली होती, "मी येईपर्यंत विरजण सांभाळा. खायच्या आधी चमचाभर बाजूला काढायचं, विसरू नका."

ते विरजण लग्नात तिच्याबरोबर आमच्या घरी आलं. तेव्हापासून रोजच्या दह्यातून दुसऱ्या दिवसाचं. ती गेल्यावर महिन्याभरात ते मरायला टेकलं. दूध नुसतं आंबायचं, लागायचं नाही. दही नव्या पेठेत विकत मिळतं. पण ते तिचं नव्हे.

तिचा धाकटा भाऊ सोमलिंग कॉलेजातली प्रयोगशाळा सांभाळायचा. एका दुपारी तो रेडिओचं खोकं घेऊन आला. त्यातून निघालेल्या दोन वायरी, टोकांना स्टीलच्या पट्ट्या.

"दाजी, विजेचे लई बारीक झटके द्यायचे. जिवंत पेशीच्या भिंतीला क्षणभर भोकं पडतात, मग मिटतात. काही पेशी जोमानं वाढतात म्हणे."

"आणि मिटली नाहीत तर?"

"मेल्या की." तो थांबला. "थोडं बाजूला काढलंय न्हवं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"दाजी! अक्का असती तर..."

"ती असती तर हे खोकं उंबऱ्याच्या आत आलं असतं का?"

त्यानं पिन बोर्डात खोचली, पट्ट्या विरजण लावलेल्या दुधाच्या भांड्यात सोडल्या. टक्... टक्... दही लागलं का बघताना शिवबाई भांड्यावर बोटातली अंगठी अशीच वाजवायची. सोमलिंगला मी ते सांगितलं नाही.

एवढ्यात पंखा थांबला. शेजारून काशम्मा ओरडल्या, "लाइट गेली की हो, गुरुजी!"

टक्... टक्...

"कंडेन्सरात साठलेली वीज उरते थोडी," सोमलिंग म्हणाला.

ती ‘थोडी’ बरीच उरली होती. त्यानं पिन उपसली, पट्ट्या काढल्या. मी भांड्यावर झाकण ठेवलं. त्यानं खोकं अंगणात नेऊन ठेवलं. आवाज स्वयंपाकघरातच राहिला.

"दाजी... माझी चप्पल कुटं हाय?"

"मागच्या दारात. स्वयंपाकघरातून जा."

"राहू द्या तितंच."

तो अनवाणीच गेला.

आवाज थांबल्यावर मी झाकण उचललं. सुरीनं कापावं असं दही लागलं होतं. कडेला चमचाभर खळगा. फडताळात तिची विरजणाची छोटी वाटी. भरलेली, वर बशी झाकलेली.

खोकं न्यायला सोमलिंग पुन्हा आला नाही. दही आता रोज लागतं. चमचाभर बाजूला काढायचं काम मात्र मी अजून एकदाही केलेलं नाही.