पानकाका

बसा निवांत. मोठा दिवा नका लावू, कोपऱ्यातला हा पुरे. माझ्या धंद्यात डोळ्यांना अंधाराची सवय लागते. लोकांच्या जुन्या टेपा घ्यायच्या, त्यातलं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, कापायचं, जोडायचं आणि डिस्क करून द्यायची, हे माझं काम. लग्नं, वाढदिवस, शाळेची संमेलनं, सगळं करतो. पण गाण्याबजावण्याचं काम आलं की माझी कळी खुलते. भर दुपारी पडदे ओढायचे, कानांवर हेडफोन चढवायचे, की मग राजालाही माझा हेवा वाटावा. बायको म्हणते, या माणसाला जेवणापेक्षा मैफल प्यारी. ते खोटं आहे. दोन्ही सारखीच प्यारी आहेत.

तर एके दिवशी पियानोच्या बाई आल्या. माझी बायको लहानपणी त्यांच्याकडे शिकायची, म्हणून आमच्या घरात त्या सगळ्यांच्याच बाई. त्यांना हाताला धरून त्यांच्या भाचीने आणलं होतं, कारण बाईंच्या दोन्ही डोळ्यांपुढे धुकं साचत चाललं होतं. भाचीच्या हातातल्या पिशवीत पाच टेपा होत्या. त्यांवरच्या चिठ्ठ्यांची शाई कधीच उडाली होती, फक्त एक ते पाच आकडे उरले होते.

"माझे पाच कार्यक्रम आहेत," बाई म्हणाल्या. "एका डिस्कवर बसव. पण मला माझं वाजवणं नाही रे बघायचं. मला हे बघायचेत."

हे म्हणजे बाईंचे यजमान. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून समोरच्या स्वरलिपीचं पान उलटायला शेजारी एक माणूस बसतो. बाईंच्या शेजारी जन्मभर हेच बसले. बाईंनी हनुवटी जराशी खाली केली की पान उलटायचं. अलीकडे नाही, पलीकडे नाही. विद्यार्थी त्यांना पानकाका म्हणायचे, आणि म्हणे काकांना ते फार आवडायचं. ते वारल्याचं मला बायकोकडून कळलं होतं. कधी वारले, ते मी विचारलं नव्हतं.

"मावशी, घरात काकांचे ढीगभर फोटो आहेत," भाची म्हणाली.

"फोटोत ते परीक्षेला बसल्यासारखे दिसतात. मला ते हलताना बघायचेत." मग बाई माझ्याकडे वळल्या. "पुढच्या आठवड्यात डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधलं तर साधलं, नाहीतर आहे तेवढंही जाईल. एकदा ह्यांना डोळे भरून बघितलं, की मी खुशाल टेबलावर जाऊन झोपेन. नाही बघितलं, तर नाही जाणार. मी हट्टी आहे, विचार तुझ्या बायकोला."

विचारायची गरज नव्हती. स्वयंपाकघरातून बायकोचं "हो, आहेत!" ऐकू आलंच. भाचीने मात्र दारातून जाताना माझे हात धरले. "काहीही करा, पण काका शोधून काढा," ती हळूच म्हणाली.

शोधायला बसलो. पण शूटिंगवाल्याला कुणीतरी बजावलेलं असणार, की कलाकारावरून कॅमेरा हटवायचा नाही. तो पठ्ठ्या हटला नाही. पाचही टेपांत बाई, बाई आणि बाई. चित्राच्या डाव्या कडेतून मधूनच एक हात यायचा, पान उलटायचा आणि परत जायचा. पांढरी बाही, मनगटावर चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ. बस्स, तेवढेच काका.

मग माझ्या लक्षात आलं, की निम्मा गुन्हा माझाच आहे. टेपेवरच्या चित्राच्या कडांना नेहमी कचरा असतो, थरथरत्या रेघा, फाटलेले रंग. त्यामुळे टेप उतरवली रे उतरवली, की मी चित्र थोडं मोठं करतो, म्हणजे कडा पडद्याबाहेर जातात. हात आपोआप ते करतो. आणि काका तर कडेलाच बसणारे! कपाळावर हात मारून घेतला आणि पाचही चित्रं मूळ आकारात आणली.

पहिल्या टेपेत कोपर मिळालं. दुसरीत खांदा. तिसरीत अर्धा कान आणि चष्म्याची दांडी. चौथीत पुन्हा कोपरच. आणि पाचवीत, त्या थरथरत्या रेघांच्या आत, अख्खे काका. बारीक चणीचे, केस चापून बसवलेले, पानाचं टोक दोन बोटांत धरून बाईंकडे बघत बसलेले. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. हरवलेलं मूल सापडावं तसं झालं.

बायको चहा घेऊन आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "एकट्याच बसल्यात तरी स्टेज कसं भरलंय बघा!"

"एकट्या कुठे? काका आहेत की शेजारी."

"असतील बाई. माझा चष्मा बाहेर राहिलाय," म्हणत ती गेली.

मग आवाज साफ करायला घेतला. कार्यक्रमाच्या टेपेत खोकले असतात, खुर्च्या करकरतात, पानं सळसळतात. ते सगळं वेचून काढायचं असतं. चार टेपांतली सळसळ एका झटक्यात गेली. पाचवीतली जाईना. काढली, परत आली. पुन्हा काढली. पुन्हा आली, आणि या वेळी जास्त जवळून. कुणीतरी कानाच्या पाळीशी पान उलटावं, इतकी जवळून. जुन्या कागदाचा वास आला. टेपेचा वास मला माहीत आहे, तो आंबूस असतो. हा कोरडा होता, बंद कपाटातल्या वह्यांचा. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोली गच्च शांत. आणि त्या शांततेत एकदा, अगदी सावकाश... सर्रर्र.

आता तुम्ही म्हणाल, घाबरलो का? नाही. मला वाटलं, पंख्याने कागद उडाला. चहा प्यायलो आणि कामाला लागलो. अज्ञानात सुख असतं म्हणतात, ते असं.

दोन दिवसांनी बाई डिस्क बघायला आल्या. भाची आणि बायको आत गप्पा मारत होत्या. मी मेनू लावला. पाच छोट्या चौकटी, प्रत्येकीत एक कार्यक्रम. बाईंची खुर्ची मी पडद्याच्या अगदी पुढ्यात ओढली आणि ऐटीत म्हणालो, "चार कार्यक्रमांत काका तुकड्यातुकड्याने आहेत. पण पाचव्यात अख्खे आहेत, चेहऱ्यासकट." आणि बटण दाबलं.

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पाचव्यात?"

"हो."

"अरे... पाचवा कार्यक्रम हे गेल्यानंतरचा आहे."

पडद्यावर पियानो सुरू झाला होता.

"मी सगळं पाठ वाजवलं होतं," बाई म्हणाल्या. "समोर कागद नव्हता, स्टँडही नव्हतं. ह्यांची खुर्ची तेवढी ठेवली होती शेजारी... रिकामी."

पडद्यावर स्टँड होतं. स्टँडवर कागद होते. मला ते स्पष्ट दिसत होते. मी बंद करायला हात पुढे केला, तर बाईंनी तो धरला. म्हाताऱ्या माणसाची पकड, पण काय पकड!

"राहू दे."

त्या पुढे वाकल्या. नाक काचेला टेकायचं बाकी राहिलं. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "हेच आहेत. कॉलर बघ, नेहमीसारखी एका बाजूने दुमडलेली. हजारदा सांगितलं..." आणि त्यांना रडू फुटलं. पण हसतही होत्या. असं एकाच वेळी दोन्ही करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

काका पानाचं टोक धरून थांबले होते. पडद्यातल्या बाई वाजवत होत्या, त्यांची मान ताठ होती. पाठच होतं सगळं, कुणाला खूण कशाला करतील? काका थांबले होते, थांबले होते... तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी हनुवटी जराशी खाली केली.

पडद्यावर पान उलटलं.

"झालं माझं काम," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "जाते आता ऑपरेशनला."

आणि ऑपरेशन उत्तम झालं! पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी बाईंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. काय थाट होता त्यांचा. भाचीला कपाटावरची धूळ दाखवून झाली, बायकोला तिचे पांढरे केस दाखवून झाले. मला म्हणाल्या, "तू एवढा टकला आहेस होय? आवाजावरून वाटत नाहीस." आम्ही पोटभर जेवलो, पोटभर हसलो. इतकी सुखाची दुपार मी फार थोड्या घरांत पाहिली आहे.

जेवणानंतर बाईंनीच डिस्क लावली. पाचवा कार्यक्रम.

"बघा," त्या शांतपणे म्हणाल्या. "खुर्ची रिकामी. स्टँड नाही, कागद नाही. आता मला लख्ख दिसतं."

"मलाही रिकामीच दिसते," भाची म्हणाली. बायकोनेही चष्मा नीट करून बघितलं आणि तेच सांगितलं.

"मला वाईट नाही हो वाटत," बाई म्हणाल्या. "मला धीर द्यायला आले होते. काम झाल्यावर ते थांबायचेच नाहीत. टाळ्या संपायच्या आत कोट चढवून दारात उभे असायचे."

मी पडद्याकडे बघत होतो. काका तिथेच होते. दुमडलेली कॉलर, चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ. पानाचं टोक दोन बोटांत धरलेलं. पण या वेळी ते पडद्यातल्या बाईंकडे बघत नव्हते. त्यांनी मान वळवली होती. काचेतून ते सरळ माझ्याकडे बघत होते... वाट बघत.

"रिकामीच आहे ना रे?" बाईंनी विचारलं.

माझी मान खाली जायला निघाली होती. ती मी कशी धरून ठेवली, माझं मला माहीत. "हो," मी तोंडाने म्हणालो. त्यांचं समाधान मोडायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि मोडू नये असंच अजूनही वाटतं.

पान उलटल्यावर माझं काय होईल, मला माहीत नाही. बाईंचं तर भलंच झालं. पण बाईंनी ज्यांना खूण केली ते त्यांचे यजमान होते. माझे कोण लागतात ते? तेव्हापासून मी होकार तोंडानेच देतो. बायको खूश आहे, म्हणते, नंदीबैल एकदाचा बोलायला लागला. गाणं ऐकतानासुद्धा मान डोलवत नाही. तेवढं सोडलं तर माझं मजेत चाललंय.

तुम्हालाही आल्या आल्या सांगायला हवं होतं, चुकलंच. मघाशी ऑपरेशन उत्तम झालं म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत ना, तेव्हा त्या आतल्या, माझ्या कामाच्या खोलीत कागद वाजला. पंखा नाहीये तिथे आता. आणि कॉम्प्युटर मी सकाळपासून लावलेलाच नाही.