ओल्या पोत्याखालचा ठोकळा

हरभऱ्याच्या जागलीला तिघेच होते. म्हातारे रामराव, ज्यांची सगळी उमर दर्यापूर-अंजनगाव रस्त्यावर जीप चालवण्यात गेली, आणि भावकीतली दोन पोरं, बंडू आणि शिवम. रानडुकरं यायला अवकाश होता. शेकोटीत कपाशीच्या पऱ्हाट्या तडतडत होत्या. शिवम नुकताच एका पुलाच्या कामावर रोजाने लागला होता.

"काका," तो म्हणाला, "आमच्या कामावरचे ठोकळे अमरावतीले दिवसाच नेतात. रातचे न्याले एकही डायवर तयार नाही. काहून?"

"डुलक्या घेत असतीन लेकाचे," बंडू हसला.

रामराव हसले नाहीत. "किशोर माह्या शेजारचा. त्याच्यावर बितलं ते सांगतो. मधात दात काढशीन बंड्या, तर उठून घरी जाईन."

भोगीची रात्र, मागच्या वर्षीची. दिवस मावळता मावळता गोपालने किशोरला साइटवर बोलावलं. गोपाल म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. नेहमीचा ड्रायव्हर संक्रांतीला गावी गेला होता, गाडी चालवता येणारा जवळ किशोरच होता.

"पिकअप काढ. सहा ठोकळे अमरावतीले पोचव, राजापेठेतल्या लॅबवर. सकाळी उघडल्या उघडल्या फोडायचे हायत. आन् पोतं ओलं ठेवजो. ओलेच फोडा लागतात."

स्लॅब ओततात तेव्हा त्याच मालाचे सहा इंची ठोकळे भरून ठेवतात. ते हौदात बुडवून ठेवायचे आणि चार आठवड्यांनी मशीनखाली दाबून फोडायचे. ठोकळा जेवढा भार सोसतो तेवढी स्लॅबची ताकद, असा हिशेब.

पण हा स्लॅब आधीच पडला होता. नाल्यावरचा नवा पूल. अर्धा उभा राहिला, अर्धा खाली आला. खाली किशोरचा मोठा भाऊ होता, देवीदास. सेंट्रिंगवाला. स्लॅबला खालून धरणारे टेकू, प्लेटा सगळं त्याचंच. टेकू काढता काढता स्लॅब त्याच्यावर बसला. तो जागीच गेला.

गोपालने त्याच दिवशी सांगून टाकलं, "देवीदासनं कोनाले न विचारता टेकू काढले. माल चांगलाच होता." आता ठोकळे चांगले निघाले की झालं. पूल पाडणारा देवीदास, हे कायमचं ठरणार होतं. त्याच्या आईला बाया पाण्यावर विचारू लागल्याच होत्या, "काहून वं, पोराले एवढी घाई होती?"

किशोर सातवीतून शाळा सोडलेला. डोकं तापट. हौदातून ठोकळे उचलताना त्याला दादाचं बोलणं आठवलं. दादा एकदा जेवताना हसत म्हणाला होता, "लेका, कामावर ठोकळ्याले तूप-पोळी आन् स्लॅबले पान्यातली भाकर." म्हणजे ठोकळ्यांचा माल वेगळा, सिमेंट मारून कालवलेला. ते फुटणारच नव्हते.

पण त्याच्या पोटात आणखी एक काटा होता. तो त्याने आईलाही दाखवला नव्हता. देवीदासचं अकोल्यालाही एक काम सुरू होतं, आणि प्लेटा होत्या एकाच कामापुरत्या. प्लेटा कधी येतात म्हणून अकोल्याहून रोज फोन यायचा. दादाला घाई होती, हे खोटं नव्हतं. मग... दादानेच खरंच कुणाला न विचारता...?

हा संशय गोपालवरच्या संशयापेक्षा जड होता.

जेवण न करताच तो निघाला. दर्यापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी रानं, वर धुकं. नदीचा जुना पूल आला आणि त्याने करकचून ब्रेक मारला. विचार असा काही केलाच नाही. मागचं फळकं पाडलं, पोतं ओढलं आणि एकेक करून सहाही ठोकळे कठड्यावरून नदीत टाकले. ठोकळेच नसले तर फोडतील काय? मग उभ्या राहिलेल्या स्लॅबलाच भोक पाडून बघावं लागेल. तिथे कोणाला तूप-पोळी चारता येत नाही.

शेवटच्या ठोकळ्याचा धबका ऐकला. पोतं झटकलं. रिकामं. घडी करून मागे टाकलं.

"हं. आता फोड म्हणा," तो मोठ्याने म्हणाला.

आणि पुलाखालून आवाज आला.

टक्.

त्याला वाटलं, ठोकळा खडकावर आपटला असेल. पण आवाज पाण्यातून नव्हता. पुलाच्या पोटातून होता. दूरच्या टोकाला.

टक्... टक्...

हातोडीचा दांडा. हा आवाज त्याने शंभरदा ऐकला होता. टेकूला हात लावण्याआधी देवीदास खाली शिरायचा, स्लॅब या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून बघायचा, कान लावायचा. कुठे पोकळ वाजलं तर तिथले टेकू त्या दिवशी सोडून द्यायचा.

आवाज जवळ येऊ लागला. हातभर... मग आणखी हातभर.

टक्.

पायाखाली थांबला. तळव्यांना जाणवलं.

"दादा?"

काही नाही. धुकं.

"दादा... तू इचारलं होतं न?"

काही नाही...

मग एकदाच. टक्.

"मंग?" शिवम शेकोटीजवळ सरकला.

"मंग काय. पयाला," रामराव म्हणाले.

गाडी पळवली. आरशात बघितलं नाही. वळणावर मागे काहीतरी सरकलं. एका बाजूने दुसऱ्या बाजूला. जड. त्याने रेडिओ लावला. पुढच्या वळणावर पुन्हा सरकलं. त्याने रेडिओ बंद केला. कान दिला... आता सरळ रस्ता होता. तरी सरकत होतं. हळू. त्याच्या पाठीच्या दिशेने.

अमरावती आली. रात्रभर तो लॅबसमोर गाडीतच बसून राहिला. राजापेठेत क्लासला जाणाऱ्या पोरींच्या स्कुट्या सुरू झाल्या, चहाची गाडी लागली, तेव्हा कुठे तो खाली उतरला.

पोतं उलगडलेलं होतं. ओलं होतं. खाली एक ठोकळा.

गोपालचे ठोकळे गुळगुळीत, तेल लावल्यासारखे. हा खरबडीत. अंगावर बारीक भोकं, कोपऱ्यातून गिट्टी बाहेर आलेली. पण खिळ्याने कोरलेली तारीख तीच, त्याच स्लॅबची.

गोपाल मोटरसायकलवर आधीच येऊन बसला होता. सरकारी इंजिनीयरही आली, आकांक्षा मॅडम म्हणून. वयाने लहान, पण नजर अशी की समोरच्याने खिसे चाचपावेत.

"एकच? बाकीचे?"

"पडले, मॅडम. फळकं उघडलं रस्त्यात."

"पाच पडले आणि एक राहिला?" तिने किशोरकडे पाहिलं, मग ठोकळ्याकडे. विश्वास तिचा कोणावरच नव्हता. "ठीक आहे. ठेवा मशीनवर."

मशीनचा काटा चढू लागला. चढला... थोडासा... आणि ठोकळ्याने मान टाकली. कडा पावासारख्या गळून पडल्या. पाहिजे त्याच्या निम्माही भार झाला नव्हता.

गोपाल उसळला. "हा आपला नाहीच, मॅडम! या पोट्ट्यानं बदलला. आमचे ठोकळे म्या सोता भरले, ह्या हातानं. त्यात सिमेंट कमी पडूच शकत नाही!"

मशीन बंद झालं होतं.

"ठोकळ्यात पडू शकत नाही," मॅडम सावकाश म्हणाली. "मग स्लॅबमध्ये पडू शकतं का, गोपालभाऊ?"

गोपाल मोटरसायकलची किल्ली शोधू लागला.

"या ठोकळ्यावर मी काही लिहिणार नाही. तो कोणाचा ते मला माहीत नाही. चला साइटवर."

त्याच दिवशी उभ्या स्लॅबमधून यंत्राने गोल कांडी काढली, सगळ्यांसमोर. हातात घेतली तर भुगा झडत होता. दुसऱ्या दिवशी मशीनने तेच सांगितलं. पडलेला स्लॅब आणखी महिनाभर टेकूवर ठेवला असता तरी पडलाच असता. आणि मग गोपालच्याच हाताखालचा माणूस बोलला, की टेकू काढायला गोपालनेच सांगितलं होतं. ठेकेदारावर केस झाली. देवीदासच्या आईला विचारणाऱ्या बाया दुसऱ्या वाटेने पाण्याला जाऊ लागल्या.

रामराव थांबले. बंडूने काडी टाकली शेकोटीत.

"म्हणजे किशोरनंच बदलला असंन ठोकळा, काका. कुठून तरी..."

"मीबी थेच म्हटलं त्याले. त्यानं मले घरात नेलं. फुटलेल्या ठोकळ्याचा मधला तुकडा त्यानं गमछात बांधून आनला होता. चुलीपासून दूर, कोनाड्यात ठेवला हाय."

"मंग?"

"नवा माल ओतला का रातभर कोमट रायते. आतून तापते थो. दोन-चार दिवसात निवते. एकदा निवला का निवला."

रामरावांनी तळहात शेकोटीपुढे धरला, पुन्हा मागे घेतला. लांब कुठे टिटवी ओरडली.

"परवा गेलतो. एक वरीस झालं आता. सकायची थंडी, हात काकडले होते... आन् त्याह्यच्या घरची मांजर त्या कोनाड्यात, त्या तुकड्याले पोट लावून झोपली होती."