माणसाचा उपसर्ग

अन्वयमापकाच्या खोलीत शिरण्याआधी झुहुरानं हात धुतले, ओढणीला पुसले आणि तरीही नाकाशी नेऊन वास घेतला.

"दादा, तेलाचा वास येतोय अजून. नवऱ्याच्या पाठीला लावून तशीच आले. चालेल ना?"

"हातांचं काही काम नाही इथे," डॉ. हेमांगी पेंढरकर म्हणाली. "फक्त डोकं हवंय."

'दादा' या हाकेची हेमांगीला आता सवय झाली होती. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. टांझानियातल्या टांगा बंदरात ती येऊन सहा वर्षं झाली होती, आणि तिच्या यंत्रावर बेतलेला व्यक्तिभाव कायदा लागू होऊन तीन. शुद्धीवर येण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा श्वासयंत्रावरचा आधार चालू ठेवायचा की काढायचा, यावर नातेवाइकांचं एकमत होत नसेल, तर निर्णय त्या नातेवाइकाचा, ज्याच्या मनात तो रुग्ण अजून माणूस आहे. आणि मनात काय आहे ते मोजायला अन्वयमापक होता.

मोजणीची कल्पना हेमांगीला व्याकरणातून सुचली. मराठीत आपण काळा घोडा, काळी गाय, काळं वासरू म्हणतो. नामाचं लिंग बदललं की विशेषण मुकाट्यानं त्याच्यामागून बदलतं. स्वाहिली आणि तिच्या बांटू कुळातल्या भाषांमध्ये ही शिस्त फार कडक. तिथे लिंगं नाहीत, नामांचे दहा-पंधरा वर्ग आहेत, आणि वर्गाचा उपसर्ग वाक्यातल्या शब्दाशब्दाला चिकटतो. माणसांच्या वर्गाचा उपसर्ग 'म्'. जड माणूस म्हणजे 'म्टू म्झितो'. वस्तूंच्या एका मोठ्या वर्गाचा 'कि'. जड पलंग म्हणजे 'किटांडा किझितो'. पलंग पडला तरी क्रियापद 'कि'नंच सुरू होतं, माणूस पडला तर वेगळ्यानं.

हेमांगीनं दाखवून दिलं होतं की हा उपसर्ग जिभेवर येण्याच्या कितीतरी आधी मेंदूत तयार होतो. पापणी लवते न लवते तोच. बोलताना माणूस सावरून घेतो, लाजेकाजेस्तव बरोबर शब्द वापरतो. पण त्याआधीची ती तयारी कुणाच्या हातात नसते. रुग्णाचं नाव ऐकवायचं, मग उपसर्ग काढून टाकलेलं 'झितो' एवढंच विशेषण ऐकवायचं, आणि मेंदूनं पुढे 'म्' मांडून ठेवला होता की 'कि', ते वाचायचं. असं साठ वेळा.

"म्हणजे मी काहीच बोलायचं नाही?" झुहुरानं विचारलं.

"काहीच नाही. ऐकायचं फक्त."

"मग मी खरं बोलते की खोटं, ते कसं कळणार?"

"म्हणूनच तर बोलायचं नाही."

झुहुरा हसली. "बरं आहे. सात वर्षं मी एकटीच बोलतेय त्याच्याशी."

तिचा नवरा सेफू लाकडी होड्या बांधणारा सुतार. नव्या होडीवर चढवताना डोलकाठी निसटून त्याच्या डोक्यावर आली होती. तेव्हापासून तो तिसऱ्या वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवर होता. दर तीन तासांनी कूस बदलणं, नळीतून पेज देणं, दाढी करणं, सगळं झुहुरा करायची. परिचारिकांना हात लावू द्यायची नाही. सात वर्षांत त्याच्या पाठीला एक जखम झाली नव्हती. आधार काढू नये, असं तिचं म्हणणं होतं.

ओमारी हा सेफूचा थोरला भाऊ. दार-ए-सलामला असायचा, वर्षातून दोनदा यायचा आणि खाटेपासून चार हात दूर उभा राहायचा. तो वाईट माणूस नव्हता. चाचणीआधी तो हेमांगीला म्हणाला होता, "आमच्या गावात त्याच्याएवढा पोहणारा नव्हता, डॉक्टर. त्याला असं पडून राहणं सोसलंच नसतं. सोडा त्याला."

ओमारीचा निकाल आला. साठापैकी सत्तावन्न वेळा 'म्'.

झुहुराचा आला तेव्हा हेमांगीनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. साठापैकी एक्कावन्न वेळा 'कि'.

अहवालात 'अनिर्णित' असा एक रकाना होता. मेंदूची नोंद बिघडली असेल तर भरायचा. हेमांगी तासभर त्या रकान्याकडे बघत बसली. पण नोंद बिघडली नव्हती. इतकी स्वच्छ नोंद तिनं क्वचितच पाहिली होती. शिवाय एकदा डोळेझाक केली की पुढचा प्रत्येक वकील तेच मागणार, हेही तिला कळत होतं. तिनं सही केली.

झुहुराला तिनं स्वतःच सांगितलं, वॉर्डाबाहेरच्या बाकावर.

झुहुरानं हात ओढणीला पुसले. मग शांतपणे म्हणाली, "तुम्ही 'जड' हाच शब्द का निवडलात?"

"तो सगळ्यांना लागू पडतो. माणसाला, वस्तूला..."

"दिवसातून आठ वेळा मी त्याला उचलते, दादा. मानेखाली एक हात, कमरेखाली एक. तो शब्द ऐकला की माझे खांदे आधी ऐकतात. ओमारीनं त्याला कधी उचललंय? त्याच्या डोक्यात सेफू अजून समुद्रात पोहतोय."

"चाचणी दुसऱ्या शब्दांनीही घेतली होती, झुहुरा. निकाल तोच होता."

"असेल." तिनं मान हलवली. "माझी आई मला किटोटो म्हणायची. मी तीन मुलांची आई झाले तरी. त्यात कुठला उपसर्ग आहे?"

'कि' हा वस्तूंचा उपसर्ग होता, तसाच लहानग्यांचाही. 'म्टोटो' म्हणजे मूल, 'किटोटो' म्हणजे चिमुकलं. आपण मराठीत तान्ह्याला 'माझं सोनं ते' म्हणतो तसंच. एखाद्या माणसापुढे मेंदूनं 'कि' मांडला तर त्याची वस्तू झाली की त्याचं तान्हं झालं, हे यंत्राला सांगता येत नव्हतं. कायद्याच्या समितीपुढे हेमांगीनं हा मुद्दा काढला होता. अपवाद म्हणून तो तळटीपेत गेला, आणि कायदा छापून आला तेव्हा तळटीपा गळालेल्या होत्या. तिनं तेव्हा पत्र लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं," झुहुरा म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

गुरुवारी सकाळी ओमारीच्या सहीनं आधार काढला. तो रडला, अगदी मनापासून. झुहुरा रडली नाही. तिनं नेहमीसारखी सेफूची कूस बदलली, उशी सारखी केली आणि मग यंत्राचा आवाज थांबेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली.

त्या निकालाची बातमी किनाऱ्यावर सगळीकडे पोहोचली. लोक शहाणे झाले. वर्षभरात तिसऱ्या वॉर्डाचं रूप पालटलं. बायका नवऱ्यांना भरवायच्या थांबल्या. मुलं आईबापांना काचेच्या दारातून बघून जाऊ लागली. वकीलच तसं सांगत: हात लावू नका, जुने फोटो बघत राहा, लग्नाच्या चित्रफिती बघा. ज्याला आपलं माणूस जगवायचं होतं, त्यानंच त्याच्यापासून सर्वात लांब राहायचं. खाटांवरच्यांच्या पाठी चिघळू लागल्या. कायदा मात्र चांगला चालला आहे, असं सगळीकडे लिहून आलं. एकामागून एक देशांनी आपापल्या भाषेचे अन्वयमापक बसवले. भारतातही आले. मराठीत तर सोपंच होतं: रुग्णामागे 'तो' किंवा 'ती' उमटते की 'ते', एवढंच बघायचं.

पुढच्या वर्षी देवरुखला हेमांगीच्या आईला पक्षाघाताचा झटका आला. नंतर फुप्फुसंही दमली. हेमांगी नोकरी सोडून आली तेव्हा आई घरच्याच खाटेवर होती, घशाला श्वासयंत्राची नळी, आणि शुद्धीची आशा डॉक्टरांनी सोडली होती. कॅनडातून धाकट्या श्रीनिवासनं सांगून टाकलं, "ताई, आईचे हाल मला बघवत नाहीत. आपण थांबवू या." हेमांगी नाही म्हणाली. चाचणीची तारीख पंधरा दिवसांवर पडली.

दुपारी सांभाळणाऱ्या सुलभाताईंनी हाक मारली. "ताई, जरा इकडून धरता का? कूस बदलायची आहे. एकटीला आवरत नाही मला."

हेमांगी चटकन पुढे झाली. आईचे डोळे उघडे होते. पांघरुणाबाहेर आलेला हात गादीवर काहीतरी शोधत होता.

"केवढंसं झालंय हो हे!" सुलभाताई मायेनं म्हणाल्या आणि त्यांनी आईच्या कपाळावरचे केस मागे सारले.

हेमांगी जागीच थांबली. दोन पावलं मागे सरली. मग ओसरीवर जाऊन, खोलीकडे पाठ करून, तिनं दुसऱ्या मदतनीस बाईला फोन लावला.

"लवकर या," ती म्हणाली. "घरात उचलायला कुणी नाहीये."